मामांचं खाकरणं

आमच्या घरात सासऱ्यांना मामा म्हणत. म्हणत म्हणजे त्यांच्या माघारी. समोर सुनांनी बोलायचंच नसे, त्यामुळे हाक मारायचा प्रश्नच येत नसे. काकासाहेब, म्हणजे आमचे मामा, दाराशी आले की खाकरायचे. आम्ही पदर पुढे ओढायचो आणि तोंड मिटायचो. मी त्या घरातली थोरली सून, पुष्पा. लग्नाला डझनभर वर्षं झाली होती, तरी माझा आवाज कसा आहे हे मामांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

धाकटी जाऊ नंदा. तिला चौऱ्याण्णव साली मुलगी झाली, तारा. अंगानं मऊ, डोळे तिरपे, जीभ जराशी बाहेर. दूध ओढतानाही दमायची. जालन्याच्या डॉक्टरांनी डाउन सिंड्रोम असं नाव सांगितलं. हे औषधानं जाणारं नाही, पण शिकवलं तर पोर शिकेल, असंही म्हणाले. आमच्या सासूबाईंनी, गोजरबाईंनी, त्यातलं पहिलं अर्धंच ऐकलं आणि वेखंड उगाळून चाटवायला सुरुवात केली.

जालन्यातच मस्तगडच्या एका दवाखान्यात महिन्यातून एकदा औरंगाबादहून रजनीताई यायच्या. उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलतं करायचं, हे त्यांचं काम. नंदाचा नवरा भुजंग अंकुशनगरला साखर कारखान्यात पाळीवर, म्हणून दीड वर्षाच्या ताराला घेऊन नंदा निघाली तेव्हा सोबत मी गेले.

"तिला तुमचे ओठ दिसले पाहिजेत," रजनीताई म्हणाल्या. "हातात जे असेल त्याचं नाव मोठ्यानं घ्या. ती जो आवाज काढील तोच तिला परत द्या. मग गप्प राहा, वाट बघा. तेव्हा तिची पाळी. हे दिवस असेच गेले तर पुढे फार जड जाईल."

नंदानं नाकापर्यंत ओढलेल्या पदराआडून मान हलवली. मला हसू आलं आणि रागही आला. जिला दिवसभर कुजबुजायचीच मुभा, तिला मोठ्यानं बोलायला सांगत होत्या!

कारण गुडघे धरल्यापासून मामा सारा दिवस ओसरीवर बाजेवर असत, आणि स्वयंपाकघर ओसरीला लागूनच. सुरुवातीला नंदा ताराला गोठ्यात नेऊन बोलायची. पण गोठ्यात किती वेळ काढणार? भाकरी कोण थापणार? थंडीच्या तोंडाला एका सकाळी तिनं चुलीपुढे बसून पदर खांद्यावर टाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "तांब्या. तारे, ह्यो बघ तांब्या."

सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. "सासरा भाइर बसलाय अन् तू नरडं काढून राह्यली व्हय?"

"त्यांच्याशी न्हाई बोलत, आत्याबाई. माझ्या लेकीशी बोलून राह्यले."

दुसऱ्या दिवशी मामांनी बाज उचलायला लावली आणि फाटकाबाहेर लिंबाखाली टाकली. कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून तिथंच बसू लागले. झालं! "तुझ्यापायी म्हातारा घर सोडून बसला," सासूबाई उठता-बसता ऐकवू लागल्या. बापाला विचारायची भुजंगची छाती नव्हती. आमच्या घरचे पुरुषही काही कमी मुके नव्हते.

नंदा रडायची, डोळे पुसायची आणि पुन्हा सुरू व्हायची. "वाटी. दूध. दूध पाहिजे?" मग गप्प राहून वाट बघायची. तारा नुसती तिच्या तोंडाकडे बघायची. मला नंदाची कीव यायची. घराचा रोष ओढवून घेतला आणि पोर बोललीच नाही, तर या बाईकडे उरणार काय?

संक्रांत होऊन गेली. एका दुपारी मामा जेवायला येत होते. आम्ही बेसावध सापडू नये म्हणून हल्ली ते फाटकापासूनच खाकरत यायचे. नंदानं अर्धा शब्द गिळला आणि पदर ओढला. मामा दाराशी येऊन पुन्हा खाकरले. घर चिडीचूप.

आणि नंदाच्या मांडीवरून आवाज आला, "अंहं."

तारा दाराकडे बघत होती. बाहेर पावलं थांबली. मामा परत खाकरले, या वेळी हळू. तारानं थोडी वाट पाहिली. "अंहं," म्हणाली आणि हसली.

नंदाचा हात पदरावर तसाच होता. मग तिनं तो पदर मागे सारला. "मामा," ती मोठ्यानं म्हणाली, "आत येऊ नका. तिथूनच आणखी एकदा खाकरा. तिची पाळी झाली, आता तुमची हाय."

सासूबाई खांबाला टेकल्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. मग खाकरणं आलं, चाचरत. तारानं लगेच उत्तर दिलं. असं बराच वेळ चाललं आणि भाकरी तव्यावर करपली.

मामा आत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. जमिनीकडे बघत म्हणाले, "म्या रागानं न्हाई गेल्तो, पोरी. म्या ओसरीवर असलो की तुला बोलता येत न्हाई, म्हनून गेल्तो."

"मंग तसं सांगायचं तरी!" सासूबाई कडाडल्या.

"सांगायची सवय कुठंय आपल्याला?"

बाज त्याच दिवशी ओसरीवर परत आली. मीही धीर केला. "मामा, च्या टाकू का?" "टाक की," ते म्हणाले. एवढ्या वर्षांतलं आमचं हे पहिलं संभाषण. त्याचा मला आनंद झाला, हे कशाला लपवू?

ताराचा पहिला शब्द उन्हाळा संपता संपता आला. नंदा "आई, आई" म्हणून थकली होती. तारानं ओसरीकडे हात केला आणि स्पष्ट म्हणाली, "मामा."

"आज्याला कुनी मामा म्हनतं व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "आबा शिकवा तिला."

मामांनी ताराला उचलून घेतलं. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मायचं ऐकून शिकली ती."