दहा लिटरला पाच मिली

"हरिश्चंद्रभाऊ, मशीन थांबवा जरा," प्रेमला म्हणाली.

कृषी विद्यापीठाच्या मध्यवर्ती छापखान्यात सकाळपासून एकच काम चाललं होतं. आंबा बागायतदारांच्या मेळाव्यासाठी पुस्तिकेच्या पाच हजार प्रती उद्या पोचवायच्या होत्या. एवढं मोठं काम असलं की प्रत्येक विभागाला इथेच यावं लागे. हरिश्चंद्र छापायचा, प्रेमला बांधणी करायची. पंचवीस वर्षं ती कागदांच्या घड्या घालत होती, पण हाताखालून जाणारं पान वाचल्याशिवाय तिनं कधी पुढे सरकवलं नव्हतं.

"काय झालं?"

"तुडतुड्यांच्या औषधाला दहा लिटरमागं पन्नास मिली लिवलंय. गेल्या सालच्या पुस्तिकेत पाच होतं."

"प्रूफावर लिहिणाऱ्या डॉक्टरांची सही हाय. सही झाली की आपली जबाबदारी संपली. तू काय शास्त्रज्ञ हायस?"

"नाय. पण माझा दीर केळशीत लोकांच्या कलमांवर फवारणी करतो. ह्यात बघूनच टाकीत औषध ओततो तो."

हरिश्चंद्रने छापलेल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. दोन हजार कागद छापून झाले होते. ते वाया गेले तर जाब त्यालाच द्यावा लागणार होता. तरी त्याने मशीन बंद केलं.

पुस्तिका काढणाऱ्या विभागात फोन प्रेमलानेच लावला. पान, ओळ, आकडा सगळं तिनं नीट सांगितलं.

पुस्तिका लिहिणारे डॉ. शुभंकर लिमये पंधरा मिनिटांत स्कूटरवरून आले. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि कपाळावरचा घाम पुसला.

"एक शून्य जास्त पडलंय. चूक माझी आहे, तसं मी लिहून देतो."

दुपारी दुरुस्त प्रूफ आलं. डॉक्टरांनी सही केली आणि पेन प्रेमलापुढे धरलं.

"तपासणाऱ्याच्या जागी तुम्ही सही करा, ताई."

"मी बांधणीवाली हो."

"तपासलंत तुम्हीच ना?"

तिनं बोटांना चिकटलेला डिंक पदराला पुसला आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं : प्रेमला भिवा तांबे.

नवी प्लेट चढली. पहिला कागद बाहेर आला, तो हरिश्चंद्रने तिच्या हातात दिला. प्रेमला खिडकीच्या उजेडात जाऊन वाचू लागली. डॉक्टर आणि हरिश्चंद्र मशीनपाशी थांबून राहिले. तिनं घाई केली नाही.