पाच ठिपक्यांची रेघ

तिने काचेची पट्टी यंत्राच्या खाचेत सरकवली, झाकण लावलं आणि श्वास रोखून पडद्याकडे पाहत राहिली. पट्टीवर चुन्यासारखा पांढरा थर होता आणि त्यावर झाडाच्या सालीतून काढलेल्या औषधाचे पाच ठिपके, प्रत्येकात आधीच्याच्या दुप्पट औषध. यंत्र एकेका ठिपक्यावर प्रकाश टाकी आणि किती परत आला ते मोजी. औषध जितकं जास्त, तितका प्रकाश गिळला जायचा. पडद्यावर पाच शिखरं पायऱ्यांसारखी चढायला हवी होती.

चार चढली. पहिलं, सगळ्यांत धाकटं, तिसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभं.

"घ्या! शेंडेफळच डोक्यावर बसलंय."

स्वतःच्याच बोलण्याचं तिला हसू आलं नाही. चार वाजता सर येणार होते. पाचही ठिपक्यांची मापं आलेखावर एका सरळ रेघेत बसली तर प्रबंधावर सही. नाहीतर पद्धतच बाद आणि दोन वर्षं पाण्यात.

खिडकीपाशी मावशी बाटल्या पुसत होत्या. तीस वर्षं प्रयोगशाळेतल्या पट्ट्यांवर पांढरा थर त्याच पसरत आल्या होत्या. त्यांचं फडकं मघापासून एकाच बाटलीवर फिरत होतं.

"काय झालं, मावशी?"

"रागावशील."

"आधी सांगा तरी. मग ठरवते."

"सकाळी जांभळ्या दिव्याखाली बघितलं, तर पहिला ठिपका धड दिसेना. म्हटलं, पोरीच्या नजरेतून सुटायचा. म्हणून..." मावशींनी हवेत बोटाने गोल काढला. "पेन्सिलीने. अगदी हलकेच हो."

तिने पट्टी काढून उजेडात तिरकी धरली. केसाएवढं करडं कडं. सकाळपासून ती पडद्याकडेच बघत होती. पट्टी खाचेत सरकवतानाही तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

"मावशी, यंत्राने तुमची पेन्सिलसुद्धा औषध म्हणून मोजली!"

"अगं बाई! एवढं महागाचं यंत्र, आणि एवढंही कळू नये त्याला?"

ती खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मावशी आधी तोंडावर फडकं धरून, मग उघडच.

"खोडू का गं?"

"थरच निघेल. नवी पट्टी घ्या. दीड तास आहे."

पण घाईत केसासारखी बारीक नळी जरा जास्तच वेळ टेकली. पहिलाच ठिपका फिसकटला.

"सरक बाजूला," मावशी म्हणाल्या. "इतकी वर्षं काय नुसतीच बघत होते?"

आणखी एक कोरी पट्टी, पाच बाटल्या, पाच ठिपके. प्रत्येक वेळी नळी टेकली न टेकली तोच उचललेली.

चार वाजता सरांनी पडद्यावरच्या पायऱ्या पाहिल्या, छापलेल्या रेघेवर फूटपट्टी ठेवून पाहिली. पेन उघडलं आणि पट्टी उचलून चष्म्याजवळ नेली.

"हे ठिपके तुझे नाहीत. कुणी लावले?"

तिने उघड्या पेनाकडे पाहिलं.

"मावशींनी, सर."

"छे हो, मी आपली जरा हात लावला," मावशी घाईघाईने म्हणाल्या. "मोजमाप सगळं तिचंच."

सरांनी सही केली. पेनाला टोपण लावत म्हणाले, "माझेसुद्धा इतके गोल येत नाहीत. सोमवारपासून नव्या मुलांना हे तुम्हीच शिकवा."

मावशींनी फडक्याची नीट चौपदरी घडी घातली.

"आठाला पाठवा. उशिरा आलेलं मला चालायचं नाही." मग थोडं थांबून, हळूच, "आणि सर, तुम्ही येणार असाल तर तुम्हीही."

सरांनी खिशातली डायरी काढून वेळ लिहून घेतली.