पन्नासपैकी सत्तेचाळीस

मला वाचायला मच्छिंद्र गुरुजींनी शिकवलं, असं माझ्या प्रगतिपुस्तकातल्या सह्या सांगतात. सह्यांचं काय, त्या कुणीही ठोकतं. मला वाचायला शिकवलं बेबीनंदानं, आणि ती तेव्हा स्वतः चौथीत होती.

केदारखेड्यापासून कोसभर आत आमचं गाव. शाळा चौथीपर्यंत, खोली एक, गुरुजी एक. गुरुजी भोकरदनहून सायकलीवर यायचे. आल्या आल्या पहिली-दुसरी बेबीनंदाच्या गळ्यात घालायचे, तिसरी-चौथीला पुढचा धडा उतरवून काढायला सांगायचे आणि पेपर उघडायचे. बेबीनंदा भिंतीपाशी उभी राहून लहान्यांची बेरीज घ्यायची. हातचा म्हणजे काय, हे ती चिंचोक्यांवर दाखवायची. दहा झाले की फडक्यात गाठ मारून पोरांच्या हातात द्यायची आणि सांगायची, ही एक गाठ शेजारच्या घरात न्या. दुसरीत तिच्याच हाताखाली वाचायला शिकून मी आता तिसरीत होते, पण माझे कान कायम त्या भिंतीकडे असायचे. मला हातचा तिथूनच आला.

फेब्रुवारीत तपासणीला साहेब आले. पहिलीतली पोरं घडाघडा वाचू लागली, दुसरीतली तोंडी वजाबाकी सांगू लागली. साहेब खूश झाले आणि शेरेबुकात त्यांनी लिहिलं की लहान वर्गांचं अध्यापन उत्तम आहे. गुरुजींनी मान तुकवून ते कौतुक घेतलं. बेबीनंदाला त्यांनी तेवढ्या वेळापुरतं शेवटच्या रांगेत बसवलं होतं.

तिचं ते चौथीतलं दुसरं वर्ष होतं. आदल्या वर्षी गुरुजींनी हजेरी कमी भरल्याचं कारण काढून तिला मागे ठेवलं. ते खरं असेलही, कापूस वेचायच्या दिवसांत ती आईबरोबर जायची. पण पाढे कच्चे असलेले तिघं त्याच वर्षी पास झाले, हेही खरं. तिची आई नंदाबाई मजुरीला जायची. तिनं शाळेत येऊन गुरुजींना स्वच्छ सांगितलं होतं, "ह्या साली पास झाली तं केदारखेड्याला पाचवीत घालते. न्हाई झाली तं माझ्यासंगं कामाला. आणखी एक साल माझ्यानं होनार न्हाई." गुरुजी हो-हो म्हणाले. पोरीचा पाया पक्का होऊ द्या, असंही म्हणाले. पाया कुणाचा पक्का होत होता ते अख्ख्या खोलीला ठाऊक होतं.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. गुरुजींच्या घरी कुणाचंसं लग्न होतं. त्यांनी गणिताचे सगळे पेपर पिशवीत घालून बेबीनंदाकडे दिले आणि सोमवारी तपासून आण म्हणाले. पहिली ते चौथी, सगळे. त्यात तिचाही होता. गुरुजींनी तो बाजूला काढला नाही, कारण त्यांनी गठ्ठा चाळूनही पाहिला नव्हता.

रविवारी आबा बाजाराला गेले आणि मी गुपचूप बौद्धवाड्यात शिरले. आबा म्हणजे माझे वडील काकासाहेब, गावचे सरपंच. मी तिकडं पाऊल टाकलं हे कळलं असतं तर त्यांनी मला फोडून काढलं असतं. पण मला माझे मार्क हवे होते. बेबीनंदा दारात पोत्यावर बसून लाल पेन्सिलीनं पेपर तपासत होती. माझे अडतीस झाले होते. मी म्हटलं, दोन वाढव, चाळीस कर. ती हसली आणि माझी चूक कुठं झाली ते समजावू लागली. मी फुगून बसले. मग नंदाबाईनं मला भाकरी आणि ठेचा दिला, आणि फुगलेली असूनही मी ते सगळं खाल्लं.

शेवटी तिनं स्वतःचा पेपर काढला. एका गणितात आकडा उतरवताना चुकला होता. तिनं स्वतःचे तीन मार्क कापले. मी म्हटलं, अगं, कोण बघतंय?

"मंग सकाळी त्या पोरायला काय शिकवू?" ती म्हणाली आणि सत्तेचाळीस लिहिले.

एक मेला झेंडावंदन झालं आणि लिंबाखाली निकाल लागला. गुरुजींच्या शेजारी खुर्चीवर आबा, समोर आम्ही पोरं, मागे चार-दोन आईबाप. नंदाबाई कडेला उभी होती, कामाला खाडा करून आलेली. गुरुजी नावं वाचत गेले. बेबीनंदा नापास. गणितात चौदा.

ती उभी राहिली. भांडायला नाही. गुरुजींकडून काहीतरी चुकून वाचलं गेलंय, असंच तिला वाटलं असणार.

"गुरुजी, सत्तेचाळीस हायेत. मीच तपासलाय."

गुरुजींचा चेहरा क्षणभर पडला. मी अगदी समोर होते, मला दिसलं. पण मुरलेला माणूस, लगेच सावरला. ते आबांकडे वळून म्हणाले, ऐकलंत ना, स्वतःचा पेपर स्वतः तपासला म्हणतेय, म्हणजे हिनं माझ्या कपाटात हात घातला. बेबीनंदा म्हणाली, तुमीच दिल्ते, पिशवीत घालून. गुरुजी म्हणाले, मी काय वेडा आहे का चौथीच्या पोरीकडे पेपर द्यायला. आणि लोकांना ते पटलं. रोज तिच्याकडे दोन-दोन वर्ग देणारा माणूस, त्याचं हे लोकांना पटलं. पेपर बघू, असं एकानंही म्हटलं नाही.

आबांनी पोरांना विचारलं, कुणी पाहिलंय का. सगळे माना घालून बसले. बेबीनंदानं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही. माझं नाव घेतलं तर माझं काय होईल, हे त्या अकरा वर्षांच्या पोरीनं तिथं उभ्या उभ्या जोखलं असणार. मग आबांनीच मला विचारलं. शिवकन्ये, तू सांग, गुरुजींनी तिला पेपर दिल्ते का?

मी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. तू कुठं पाहिलेस? मग ते दार, ते पोतं, ती भाकरी.

"न्हाई दिले," मी म्हणाले.

"माझी लेक खोटं बोलायची न्हाई," आबा लोकांना म्हणाले. विषय संपला. नंदाबाईनं पुढे येऊन पोरीच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि तिला दंडाला धरून नेलं. मी पास झाले. घरी गूळ वाटला.

गुरुजींना वाटलं होतं, ही जून महिन्यात परत येऊन भिंतीपाशी उभी राहील. त्यांना फुकटचा मास्तर हवा होता, तोही गेला. त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही, कारण तिच्या जाण्यात माझाही हात होता.

मे संपत आला तेव्हा आमच्या शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला बाया लावल्या. त्यांत नंदाबाई होती आणि तिच्या मागे बेबीनंदा. ऊन मी म्हणत होतं. आबांनी मला सांगितलं, बायांना पाणी पाज. आमच्याकडे त्यांना पाणी पाजायची एक रीत होती. त्यांनी खाली ओंजळ धरायची आणि आपण वरून ओतायचं, भांडं लागू द्यायचं नाही. मी बेबीनंदापाशी आले आणि तांब्या तसाच तिच्या हातात द्यायला पुढे केला. महिनाभर मनात घोळवलेलं काहीतरी मला बोलायचंही होतं. तिचे तळवे सोलवटले होते. तिनं तांब्या घेतला नाही. ओंजळ पुढे केली आणि हळूच म्हणाली,

"वरून टाक. तुझे आबा बघून राह्यले."

मी वरून टाकलं.