न उचलायचा फोन

आमच्या ह्यांचा फोन बोलण्यासाठी नाही, कापण्यासाठी आहे. माझा बोलण्यासाठी आहे, आणि मी बोलते, त्यात काही चोरी नाही. हे सोफ्यांचं काम करतात, घरातच पुढे दुकान आहे. फाटलेलं रेक्झिन काढायचं, बसका फोम बदलायचा, ढिल्या स्प्रिंगा पुन्हा बांधायच्या. दिवसभर तोंडात बारीक खिळे धरलेले, त्यामुळे बोलायची सवय तशीही नाही. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, माणूस लाजाळू आहे. कसला लाजाळू! हट्टी आहे, नंबर एकचा हट्टी.

आणि त्यांची मोठी बहीण म्हणजे त्यांच्याही वरताण. मी त्यांना वन्सं म्हणते. दुसऱ्या गावी तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होत्या, आता निवृत्त. सासूबाई आजारी होत्या तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनचं विचारलं. हे म्हणाले करा, वन्सं म्हणाल्या नको. ऑपरेशन झालं आणि सासूबाई त्यातून उठल्या नाहीत. हॉस्पिटलच्या जिन्यातच वन्सं ह्यांना म्हणाल्या, "तू घाई केलीस." हे म्हणाले, "मग यापुढे माझ्याशी बोलू नकोस." झालं, संपलं. ह्यांनी कबूल केलेल्या तारखेला आजवर कुणाला सोफा मिळालेला नाही, पण हा शब्द मात्र दोघांनी तंतोतंत पाळला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका संध्याकाळी, ह्यांचा फोन वाजला. बघतात तर वन्संचा. ह्यांनी रागाने कापला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मला वाटलं, चार दिवसांनी कंटाळतील. त्या कसल्या कंटाळतायत! रोज संध्याकाळी एक रिंग, रोज ह्यांचा अंगठा लाल बटणावर. एकदा ह्यांचे दोन्ही हात स्प्रिंगेत गुंतले होते. फोन पूर्ण वाजून थांबला आणि लगेच परत वाजायला लागला. हे हातातली स्प्रिंग सोडून धावले, ती माझ्या कानाजवळून सुसाट गेली, आणि ह्यांनी फोन कापला. मग सगळं शांत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वन्सं रिंग देतात म्हणजे विचारतात, बरा आहेस ना? हे कापतात म्हणजे सांगतात, आहे. बोलणं काहीच नाही, त्यामुळे शब्दही मोडत नाही. असली अक्कल देवाने ह्या एकाच घराण्याला वाटली आहे.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग आमच्या भागात ह्यांच्या मोबाईल कंपनीची रेंजच यायची बंद झाली. संध्याकाळ झाली की हे फोन घेऊन दुकानाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. गिऱ्हाईक आत, हे बाहेर. शेवटी मीच म्हटलं, "अहो, कंपनी बदला. सगळं जग बदलतंय." पण ह्यांच्या जुन्या बटणवाल्या डबड्यात नवीन कंपनीचं सिम चालेना. म्हणजे फोनही नवीन आला आणि प्रीपेडचा प्लॅनही नवीन आला.

मोबाईलच्या दुकानातली मुलगी हुशार आणि गोड बोलणारी. म्हणाली, "काका, हा प्लॅन घ्या. कितीही बोला, कुणाशीही बोला, बंधन नाही." मला हसू आवरेना. हे गंभीर. विचारतात काय, "नंबर तोच राहील ना?"

"तोच राहील. फक्त बदलताना मध्ये थोडा वेळ फोन बंद राहतो."

"संध्याकाळी नको."

"ते आपल्या हातात नसतं, काका." मग तिने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, "हे बघा, फोन आला की असा उचलायचा."

"ते राहू द्या," हे म्हणाले. "कापायचा कसा ते दाखवा."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तिला काय काय सांगू?

मी ह्यांना म्हटलं होतं, वन्संना आधी कळवू या. मी करते फोन. "तू मध्ये पडू नकोस," म्हणे. आणि खरं सांगायचं तर माझा फोन वन्सं उचलत नाहीत. मी त्यांच्या लेखी भावाच्या पक्षातली.

व्हायचं तेच झालं. एका दुपारी जुन्या फोनची रेंज गेली ती गेलीच, आणि नव्यात काही जीव येईना. संध्याकाळी हे दोन्ही फोन समोर ठेवून अर्धवट सोफ्यावर बसले, नुसत्या लाकडी पट्ट्यांवर. दोन्ही फोन मख्ख. "लागत नाही म्हटल्यावर तिला काय वाटेल?" असं एकदाच म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन माझ्या फोनवरून वन्संना लावला. पूर्ण वाजला, उचलला नाही. तो तर कधीच उचलत नाहीत, त्यामुळे त्यावरून काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा फोन सुरू झाला. रेंज भरपूर. ह्यांनी मला दहादा त्यावर फोन करायला लावला आणि दहादा कापला. सराव म्हणे. संध्याकाळी हात धुऊन बसले. वेळ झाली. वेळ टळली. फोन आला नाही.

"रागावली असेल," हे म्हणाले. "तिला वाटलं असेल, मी नंबर बंद केला."

मी घड्याळाकडे बघितलं.

"नाहीतर पडली असेल. तिसरा मजला. तो जिना..."

आता मात्र माझी सटकली. "अहो, मग लावा ना फोन! हातात काय शोभेला धरलाय? कितीही बोला, कुणाशीही बोला, तेवढ्यासाठी तर घेतलात!"

"मी लावायचा नाही, असं आहे ते."

"कुणी ठरवलं? कधी ठरवलं? दोघं बोलला नाहीत तर ठरवलंत कसं?" माझा आवाज चढला होता आणि मला रडूही येत होतं. मला वन्सं आवडतात. माझ्या पहिल्या बाळंतपणात रात्र रात्र जागल्या आहेत त्या. तिथे जिन्यात पडलेल्या असल्या आणि हा माणूस इथे रीत सांभाळत बसला असता, तर मी त्याला जन्मात माफ केलं नसतं. हे मी तोंडावर सांगितलं.

ह्यांनी फोन लावायला घेतला. नंबर कुठे शोधावा लागला नाही, पाठ होता. पण सुतळी ओढून ओढून बोटं अशी झालीत की नव्या पडद्याला ती कळतच नाहीत. आकडा दाबला की दोनदा उमटायचा. पुसायचे, परत दाबायचे. मी पुढे हात केला तर ढकलला. शेवटी लागला. फोन कानाला, दुसऱ्या हाताची मूठ गुडघ्यावर. मी इतकी जवळ बसले होते की रिंग मलाही ऐकू आली.

एक रिंग पुरती वाजली नाही तोच फोन कट झाला.

"कापला," हे म्हणाले.

"कापला?"

"तिनेच कापला. आपोआप असा होत नाही." आणि हा माणूस हसला. तोंडभर हसला. नंतर बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धूत बसला. मी दार वाजवलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही वन्संचा फोन आला नाही. वेळ झाली तशी ह्यांनीच लावला, तिकडून कापला. तिसऱ्या दिवशी तेच. तेव्हापासून रोज हेच लावतात आणि वन्सं कापतात. इतकी वर्षं बरा आहेस ना हे त्या विचारत होत्या. आता भावाने विचारावं, अशी त्यांची इच्छा दिसते.

परवा मी म्हटलं, "अहो, त्या कापायच्या आत ताई म्हणून हाक तरी मारून बघा."

"उचललाच नाही तर ऐकणार कशी?" म्हणाले. मग थोड्या वेळाने, हातातल्या फोमकडे बघत, "पण काल तिने दोन रिंगा वाजू दिल्या."