अकराव्या गुणसूत्राची जबानी

मी गुणसूत्र बोलतोय. अकराव्या क्रमांकाचा. मुक्काम एका चष्मेवाल्याच्या शरीरात. तुम्हा माणसांबद्दल मला फारसा आदर नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझ्यात थोडी अदलाबदल आहे. फार पूर्वी, चष्मेवाल्याच्या पणजीची अंडपेशी बनताना, बाविसाव्याच्या शेपटाचा तुकडा मला चिकटला आणि माझा त्याला. हरवलं काहीच नाही. म्हणून आम्हा दोघांना एकत्र बाळगणारा माणूस ठणठणीत असतो. चष्मेवाल्याकडे आम्ही त्याच्या आईकडून आलो. ती कपडे शिवते. नुसत्या बोटांनी कापडाचा कस सांगते. स्वतःच्या आत काय आहे, याचा मात्र तिला पत्ता नव्हता.

घोळ होतो तो जननपेशी बनताना. एरवी पेशी दुभंगते तेव्हा आम्हा सेहेचाळीस जणांच्या नकला निघतात आणि दोन्हीकडे पुरा संच जातो. जननपेशीत मात्र निम्मेच, म्हणजे तेवीस, पाठवायचे असतात. त्यासाठी आईकडचा आणि बापाकडचा असे जोडीदार शेजारी येतात, तुकड्यांची देवघेव करतात, मग वेगळे होतात. आमच्या बाबतीत दोघांऐवजी चौघांचा गुंता होतो. कधी मी एकीकडे, माझा भागीदार, तो बाविसावा, भलतीकडे. त्या पेशीत एक तुकडा जास्त, एक कमी. असा गर्भ सहसा टिकत नाही.

चष्मेवाल्याच्या बायकोचे असे तीन गेले. ती छापखान्यात मुद्रितं तपासते.

पहिल्या वेळी सासू म्हणाली, "जिने चढायला कोणी सांगितलं होतं?" दुसऱ्या वेळी, "दिवसभर वाकून बसतेस, आणखी काय होणार!" तिसऱ्या वेळी सरळच, "तुझ्यातच खोट आहे." चष्मेवाला तोंडात मिठाची गुळणी धरून ताटाकडे बघत राहिला. आणि चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना विचारतो, "आता स्पष्ट दिसतंय का?"

डॉक्टरांनीही तिलाच गोळ्या दिल्या, तिलाच झोपवून ठेवलं, तिच्याच तपासण्या केल्या. याच्या दंडाला सुई लावायचं तीन वर्षांत कोणालाही सुचलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "आता यांचं रक्त तपासा."

प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्याच्या पांढऱ्या पेशी वाढवल्या, ऐन विभागणीत थांबवल्या, रंगवल्या आणि आमचे फोटो जोडीजोडीने मांडले. माझ्यापाशी त्यांचं बोट थांबलं. "सापडला," त्या म्हणाल्या. एवढ्या गोतावळ्यात डोळे उघडून बघणारं हे पहिलं माणूस.

"हे आईकडून आलं असेल किंवा वडिलांकडून," डॉक्टर म्हणाले. वडील हयात नव्हते.

"माझ्या माहेरात असलं काही नाही. घ्या रक्त!" म्हणत शिवणवालीने रुबाबात बाही वर केली.

अहवाल आला. मी तिच्यातही होतो.

तो कागद घेऊन तिघं स्वयंपाकघरात बसले. चष्मेवाल्याला एकदाचा कंठ फुटला. "मशीन चुकतं कधीकधी," तो म्हणाला. किळस आली मला.

सुनेने कागदावरची नजर काढली नाही. "आई, तुमचे किती गेले?"



"चार," सासू म्हणाली. "याच्या आधी. माझ्या सासूबाई म्हणायच्या..."

"काय म्हणायच्या?"

"तेच. मी तुला म्हणाले तेच."

माफी तिने मागितली नाही. उठून सुनेच्या पुढ्यातली खरकटी भांडी उचलली आणि स्वतः घासली. तेवढ्यावर सुटली.

पुढच्या वर्षी त्यांना मुलगी झाली. त्या वेळी चौघांतली धड, अदलाबदल न झालेली जोडी पुढे गेली; मी आणि माझा भागीदार मागे राहिलो. मुलीत आम्ही नाही. आजी पाळण्यावर वाकून म्हणाली, "नाक बाई अगदी माझंच!" चष्मेवाल्याने लगेच मान डोलावली. सून तेवढी हसली.

आता चष्मेवाला गेला की मीही जाईन. दुःख नाही, या संगतीत राहण्यासारखं काही नव्हतं. जाता जाता एकच मागतो. एखाद्या घरात मूल पोटातच गेलं, तर त्या बाईसमोर निदान गप्प बसा. तुम्हाला ते जमेल, असं मला वाटत नाही.