दिलेलं लेकरू

पहिलं लेकरू आजी-आजोबांचं, ही आमच्याकडची रीत. पोराचं अंगावरचं दूध सुटलं की ते सासूच्या कुशीत जातं आणि तिथून पुढे सासूच त्याची आई. जन्म देणारीने फार लाड करायचे नाहीत, फार चौकशाही करायच्या नाहीत. रीत चांगली की वाईट हे ज्याचं त्याने ठरवावं. सायराकानला तरी ती फार चांगली वाटली, कारण नवरा गेल्यापासून तिच्या घरात चहाच्या किटलीशिवाय कुणाचा आवाज नव्हता.

मुलगा तुरात आणि सून बेगायिम रशियात शिवणकामाच्या कारखान्यात गेले, आणि आठ महिन्यांची आरूके सायराकानची झाली. तिने पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. पोरीने हात हलवायच्या आत वाटी पुढे, ओठ वाकडा करायच्या आत ती पाठीवर. गावात बायका म्हणायच्या, सायराकान म्हातारपणी बाळंतीण झाली. ती ऐकून खूश व्हायची.

शिंगराला कुरणात पायबंद घालतात, तसा प्रत्येक पोराच्या पायांत जन्मतःच एक न दिसणारा दोर असतो, असं आमचे लोक मानतात. पोर पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधायचा, वाडीतल्या पोरांची शर्यत लावायची आणि जो जिंकेल त्याने सुरीने दोरा कापायचा. मग जेवण, हसणं-खिदळणं. आधी पावलं, मागाहून दोरा. सायराकानने उलटं केलं.

शेजारच्या तोक्तोकानचा नातू आणि आरूके एकाच महिन्यातले. नातू वर्षाचा होताच अंगणभर कोंबड्यांमागे पळायचा, आणि आरूके चौदाव्या महिन्यातही बसवली की कलंडायची. तोक्तोकानच्या जिभेला हाड नाही. तुझी ही गादीवरची राणी जमिनीवर पाय कधी ठेवणार गं, असं तिने भर लग्नात विचारलं. सायराकानच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येईपर्यंत तिने स्वतःची समजूत घालून टाकली होती: दोर कापला नाही म्हणून पोर अडकलीय. कापला की धावेल. नाहीतरी कधीतरी कापायचाच.

तिने मेंढी कापली, परातभर बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले, अख्खी वाडी बोलावली. आरूकेला उभी केली आणि आपण मागे बसून मोठ्या शालीखालून दोन्ही हातांनी तिची कंबर धरून ठेवली. पोरं धावत आली, दोरा कापला गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोक्तोकानच्या मुलाने काढलेला व्हिडिओ त्याच संध्याकाळी रशियात पोचला. 'चालली!' असं बेगायिमने लिहून पाठवलं. नाही, अजून नाही गं पोरी, एवढंच लिहायचं होतं सायराकानला. तिने लिहिलं, 'हो.'

झाकली मूठ झाकलेलीच बरी वाटते माणसाला. पुढची तीन वर्षं फोन आला की आरूके झोपलेली असायची, नाहीतर नुकतीच जेवून सुस्तावलेली, नाहीतर लाजत असायची. तिसऱ्या वर्षी ती भिंतीला धरून चालायला लागली, पण तोंडातून एक शब्द फुटेना. बालवाडीच्या बाईंनी चौथ्या दिवशी तिला परत आणून सोडली. गावच्या नर्सबाई दोनदा सांगून गेल्या, नारिन शहरात अशा पोरांसाठी केंद्र आहे, घेऊन जा, जितकं लवकर तितकं बरं. सायराकानने त्यांना चहासुद्धा विचारला नाही. अशा पोरांसाठी म्हणजे कशा? आमच्या घराण्यात उशिराच बोलतात, असं ती त्यांच्या पाठीमागून बडबडत राहिली. घराण्यात कोण उशिरा बोललं होतं ते मात्र तिला आठवेना.

मग त्या हिवाळ्यात आरूके चार दिवस खाईना. झोपेना, किंचाळायची आणि डोकं उशीवर आपटायची. सायराकानने धूप फिरवला, दृष्ट काढली, चरबी चोळली. पाचव्या दिवशी उशी ओली दिसली, तेव्हा कळलं की कान फुटलाय. नर्सबाईंनी औषध दिलं. चार दिवस लेकराच्या कानात सुरी फिरत होती आणि कुठे दुखतंय ते दाखवायलाही तिच्यापाशी काही नव्हतं. सायराकान त्या रात्री स्वतःला शिव्या देत बसली आणि सकाळी पोरीला शालीत गुंडाळून नारिनच्या गाडीत चढली.

केंद्रातल्या चोल्पोनबाई तिशीच्या असतील. त्यांनी ना सुई काढली ना कागद. सतरंजीवर बसल्या, बोरसोकची वाटी आरूकेच्या हाताला पोचणार नाही अशी ठेवली आणि वाट पाहत राहिल्या. आरूकेने वाटीकडे पाहिलं, मग आजीकडे. सायराकानचा हात आपोआप वाटीकडे गेला.

"थांबा, आपा," चोल्पोनबाई हळूच म्हणाल्या. "तिला मागू द्या."

"तिला कुठलं मागता येतंय!"

"म्हणूनच."

थांबणं म्हणजे काय ते सायराकानला त्या दिवशी कळलं. आरूके कुरकुरली, तिने अंग टाकून दिलं, पुन्हा उठली. बऱ्याच वेळाने तिने चोल्पोनबाईंचं मनगट धरलं आणि वाटीकडे ओढलं. चोल्पोनबाईंनी लगेच बोरसोक दिला, हसल्या, म्हणाल्या, हे पाहिलंत? बोलली ती. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. पोर आळशी नाही, हट्टी नाही, कुणाच्या दोराने बांधलेली नाही. तिचं डोकं आणि अंग शिकायला वेळ घेतं, दुसरी पोरं पाहून पाहून शिकतात ते हिला एकेक करून शिकवावं लागेल. आधी बोट दाखवणं, मग आवाज, मग जमलंच तर शब्द. तुम्ही तिला काही कमी पडू दिलं नाहीत, आपा, पण मागायची वेळही येऊ दिली नाहीत.

आणि नर्सबाईंनी सांगितलं तेव्हाच आणली असती तर? सायराकानने विचारलं. चोल्पोनबाईंनी खोटं सांगितलं नाही. सोपं गेलं असतं, म्हणाल्या.

रोज शिकवायचं तर नाव घालायला हवं, आणि त्या कागदावर आईची सही हवी. सायराकान म्हणाली, मीच आई. जन्माच्या दाखल्यावर कोण आहे, असं चोल्पोनबाईंनी विचारलं. दाखल्यावर बेगायिम होती.

सायराकानने केंद्राच्या दारातूनच फोन लावला. सगळं सांगितलं: कान, बालवाडी, शाल, शालीखालचे हात. पलीकडे शिवणयंत्रांची घरघर ऐकू येत होती. मग घरघर लांब गेली, बेगायिम बाहेर आली असावी.

"मला माहीत होतं, आपा."

"काय माहीत होतं?"

"व्हिडिओत तिचे पाय नुसते लोंबत होते. मी कितीदा पाहिलाय तो."

सायराकानचं डोकंच फिरलं. "मग तोंड शिवलं होतं का तुझं? विचारलं का नाहीस?"

"दिलेलं लेकरू ना, आपा. विचारलं असतं तर परत मागतेय असं झालं असतं." बेगायिम रडत होती. "तुम्हाला काय वाटलं असतं?"

काय वाटलं असतं ते सायराकानला चांगलं ठाऊक होतं. तिने अख्ख्या गावाला गोळा करून सुनेची लक्तरं वेशीवर टांगली असती. तीन वर्षं दोघी एकमेकींचा मान राखत बसल्या आणि त्या मानापायी पोरीची तीन वर्षं गेली. ती फोनवर एवढंच म्हणाली, ये.

बेगायिम दहा दिवसांत आली, तुरात कामासाठी तिकडेच राहिला. केंद्राजवळ एक खोली घेतली आणि तिघी तिथे राहू लागल्या. सही झाली, रोजचे तास सुरू झाले. आता घरी हे सगळं आईने करायचं होतं, कारण पुढची कितीतरी वर्षं करायचं होतं आणि सायराकानचे गुडघे सतरंजीवरून उठताना कुरकुरत होते. पण आरूके बेगायिमला जवळ येऊ देईना. बेगायिमने वाटी धरली की ती पाठ फिरवायची आणि आजीच्या मांडीत तोंड खुपसायची. आजीचा पाय ओढायची, आजीचा हात वाटीकडे न्यायची. सायराकानला आत कुठेतरी गोड वाटायचं, आणि गोड वाटलं याची लाजही वाटायची. तीन आठवडे असंच गेलं. बेगायिम खचत चालली. एकदा चोल्पोनबाईंनी सायराकानकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाल्यावर सायराकान उठली. गावी जाते म्हणाली. गाय शेजाऱ्यांच्या गळ्यात किती दिवस टाकायची, तोक्तोकान आता माझ्याच गाईच्या दुधात पाणी घालून गावभर विकत असेल.

बेगायिमला कळलं. "बसा ना, आपा. तिला तुम्ही लागता."

"लागते म्हणूनच जाते," सायराकान म्हणाली. "तू उठू नकोस. वाटी धर. आणि घाई करू नकोस हो, तिला वेळ लागतो."

दार ओढून ती बाहेरच्या बाकावर बूट घालायला बसली. आत आरूकेने हंबरडा फोडला. दारावर धडका बसू लागल्या. दोनदा सायराकानचा हात कडीपर्यंत गेला, दोनदा तिने तो मागे घेतला. आतून बेगायिमचा आवाज येत होता, हळू, तेच तेच म्हणणारा, मी आहे, मी आहे इथे. किती वेळ गेला कोण जाणे. रडणं बसकं झालं, मग हुंदके, मग तेही थांबले. मग बेगायिम हसली, रडता रडता हसतात तशी, आणि म्हणाली, घे गं माझे बाई, घे, मागितलंस तू.

एवढ्याचसाठी सायराकान उठून आली होती. पण चार वर्षांत आरूके दुसऱ्या कुणापाशी कधी शांत झाली नव्हती. ती बाकावर बसून राहिली आणि आत ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर शाल दाबून रडली.