गुलाबावरची राख

एर्मेलिंदाच्या घरात दूध नासलं होतं, उतू गेलं होतं, एकदा मांजरीनं सांडलंही होतं. पण ते नेऊन झाडावर ओतायचा पराक्रम आजवर कुणी केला नव्हता. तो सुनेनं केला. मार्चच्या मध्यावर एका सकाळी किटलीतलं कपभर दूध कमी दिसलं म्हणून म्हातारी खिडकीशी आली, तर सून नेली अंगणात उभी. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी फवारायची बाटली, तिच्यात दूध, आणि बाई गुलाबाला न्हाऊ घालतेय.

"काय गं, दात यायचेत का त्याला अजून?"

नेली दचकली, पण बाटली काही खाली ठेवली नाही. "भुरी पडलीय, आई, पांढरी बुरशी. एक कप दूध, नऊ कप पाणी. उन्हात मारलं की उतरते."

"भुरी कसली? राख आहे ती! ममाची राख."

तुंगुरावा ज्वालामुखीला पेलिलेओ गावात सगळे ममाच म्हणतात. ममा खोकली की घराघरातल्या बायका झाडू घेऊन छपरावर. मार्च लागता लागता ती खोकली होती, आणि तेव्हापासून एर्मेलिंदा रोज संध्याकाळी झाडावर बादलीभर पाणी ओतून राख धूत होती. राख म्हणजे काय हे तिला कोण शिकवणार? सून पाळण्यात होती तेव्हा हिनं तीन वेळा छप्पर झाडलं होतं.

पण झाड सुधरत नव्हतं. पानं वळत होती, कळ्या पांढऱ्या पडून माना टाकत होत्या. आणि ते झाड काही असंतसं नव्हे. एर्मेलिंदाच्या आईनं लावलेलं. गेली एकतीस वर्षं मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी मरियामातेच्या पायाशी याच झाडाची फुलं वाहिली जात होती. गेल्याच रविवारी चर्चच्या पायरीवर सोइलानं, म्हणजे लेकाच्या धर्ममातेनं, गोड आवाजात विचारलं होतं, "यंदा माझी फुलं नेऊ का गं? तुझा जीव मोकळा." तेव्हापासून एर्मेलिंदा रोज कळ्या मोजत होती.

नेलीनं एक पान उलटं केलं. लग्नाआधी ती कायांबेला फुलांच्या मोठ्या बागेत चार वर्षं हेच करत होती; दिवसभर वाफ्यांतून फिरायचं, पानं उलटायची, रोग सांगायचा. असल्या कामाला एर्मेलिंदा काम म्हणतच नसे.

"राख वरून पडते, आई. हे पानाखालीसुद्धा आहे. आणि खालच्या पानांवर बघा, काळे डाग, कडा विसकटलेल्या, भोवती पिवळं. हा दुसराच रोग. पानं रात्रभर ओली राहिली की धरतो."

"म्हणजे माझ्या बादलीनं धरतो, असंच ना?"

नेली गप्प राहिली. ते गप्प राहणं म्हातारीला उत्तरापेक्षा जास्त झोंबलं.

मग सुनेनं पांढरे शेंडे छाटले, डागाळलेली पानं खुडली, खाली पडलेलीही वेचून चुलीत घातली. दर कापानंतर कात्री पुसत होती, ती एर्मेलिंदाच्या गुडघ्यांसाठी ठेवलेल्या उसाच्या दारूनं.

"झाडाला दूध, कात्रीला दारू!" म्हातारी ओट्यावरून ओरडली. "पाणी तेवढं माझ्या वाट्याला!"

दुपारपर्यंत झाड ओकंबोकं झालं. "कोंबडी सोलावी तसं सोललंस माझ्या आईचं झाड," एवढं बोलून एर्मेलिंदा आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नेली बाजारात गेली आणि म्हातारी मोढा घेऊन भिंतीशी गेली. गुलाबाची एक फांदी पत्र्याच्या वळचणीखाली शिरली होती. सुनेचा हात तिथवर पोचला नव्हता. राख पडली त्या दिवशी एर्मेलिंदानं खुर्च्या तिथंच सरकवल्या होत्या, आणि खुर्च्यांवर कणही पडला नव्हता. तिनं मोढ्यावर चढून फांदी ओढली. पांढरी. पान उलटलं. खालूनही पांढरं. मग बोटावर घेऊन दातांत धरलं. राख दातांत कचकचते. हे कचकचलं नाही. पिठासारखं विरून गेलं.

ती मग उतरली, थुंकली, आणि बादली नेऊन कोंबड्यांच्या खुराड्यामागं पालथी घातली.

 त्यानंतर दर आठवड्याला एका सकाळी खिडकीत कपभर दूध मोजून ठेवलेलं दिसू लागलं. "मांजरीला काढलंय," ती पुटपुटायची. मांजर नाताळातच मेली होती. नेली कप उचलायची. पाणी आता सकाळी, तेही बुंध्याशीच.

एप्रिलमध्ये लालभडक शेंडे फुटले तेव्हा म्हातारीनं सुनेला हाक मारून अंगणात आणलं. "हा आणखी कुठला रोग?"

"कोवळी पालवी आहे, आई."

"ठाऊक आहे मला!"

रोज पहाटे कुणी उठायच्या आत ती पानं उलटून बघायची. वरून स्वच्छ, खालून स्वच्छ. तरी कळ्या रंग दाखवेपर्यंत तिचा भरवसा नव्हता.

मे महिन्याच्या शेवटच्या सकाळी सोइला आपल्या फुलांची परडी घेऊन दारात आली. "म्हटलं, तुझी काही व्हायची नाहीत, तर..." आणि तिथंच थांबली. झाडावर अकरा गुलाब उमलले होते. अंगणभर वास.

अडीच महिने छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून बाजूला करावं तसं एर्मेलिंदाला झालं. डोळे भरून आले, म्हणून तिनं उगीच नाक शिंकरलं.

"काय केलंस गं याला?" सोइलानं विचारलं. "मी तर गेलंच म्हणून बसले होते."

नेली दारात कप विसळत उभी होती, मान खाली. एर्मेलिंदानं 'मीच केलं' म्हटलं असतं तर सोइलानं ते सुखानं मानलं असतं, आणि सून बोलली नसती.

"नेली, इकडे ये," एर्मेलिंदा म्हणाली. "न विचारता दुसऱ्याच्या झाडाला हात लावतेस, माझी दारू कात्रीला पाजतेस, आणि सासूला तोंडावर उत्तर द्यायचं सोडून गप्प बसतेस, हे तर सगळ्यात वाईट. पण राख नव्हती ती. मी चुकले, आणि बादलीही माझीच होती. धर ही कात्री. फुलं तू काप, आणि मरियामातेच्या पायाशी तूच ठेव. मी मागून येते."